टर्लिंगचं घर, अकरा मिलिग्रॅम आणि न्यूट्रिनो

ओढाकाठ

गेल्या रविवारी टर्लिंगला जाऊन आले. चेम्सफर्डच्या पुढे हॅटफील्ड पेव्हरल नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथे उतरून शेतांच्या कडेकडेने चालत गेलं की हे गाव येतं. टर नावाची नदी आहे, पण आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. एका ठिकाणी रस्ता सरळ पाण्यातूनच जातो, गाड्या पाणी उडवत पलीकडे जातात. पवनचक्की आहे, ऑल सेंट्स नावाचं चर्च आहे, आणि झाडांच्या मागे 'टर्लिंग प्लेस' हे मोठं घर. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही. तरी मी कुंपणाशी बराच वेळ उभी होते.

या घरात जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे तिसरे लॉर्ड रॅले राहायचे. आकाश निळं का दिसतं हे शिकताना ज्यांचं नाव येतं ते हेच. १८७३ मध्ये वडील गेले आणि सात हजार एकरांची इस्टेट त्यांच्याकडे आली. तीन वर्षांत त्यांनी जमिनीचा सगळा कारभार धाकट्या भावावर, एडवर्डवर सोपवला आणि घराच्या एका बाजूला प्रयोगशाळा थाटली. मध्ये पाच वर्षं (१८७९ ते १८८४) केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्राध्यापक होते, मॅक्सवेल गेल्यानंतर. तिथून ते परत घरीच आले. त्यांच्या जागी जे. जे. थॉमसन आले आणि १८९७ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉन शोधला. म्हणजे कणभौतिकीचा पहिला अंक केंब्रिजला सुरू होत होता, तेव्हा रॅले खेड्यातल्या घरात काचेच्या गोलात वायू भरून तोलत बसले होते.

पण ते तोलणंसुद्धा कणांच्याच प्रश्नापायी होतं. १८१५ मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरांनी एक कल्पना मांडली होती : सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनचीच बनलेली असावीत, म्हणून त्यांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत यायला हवेत. सगळं जग एकाच प्रकारच्या विटांचं आहे का, हाच तो प्रश्न. तो तपासायचा तर वायूंची घनता कोणी मोजली नसेल इतकी नेमकी मोजायला हवी. रॅलेंनी दहा-बारा वर्षं हेच केलं. गोलातली हवा काढून घेतली की काच किंचित आकुंचन पावते, त्यामुळे वजनात फरक पडतो. ही दुरुस्ती आधीच्या नावाजलेल्या मोजमापांत राहून गेली होती, तीही त्यांनी शोधून काढली.

हायड्रोजन झाला, ऑक्सिजन झाला, मग नायट्रोजनची पाळी आली. नायट्रोजन त्यांनी दोन वाटांनी मिळवला. एका वाटेत हवा तापलेल्या तांब्यावरून नेऊन ऑक्सिजन काढून टाकायचा, उरेल तो नायट्रोजन. दुसऱ्या वाटेत हवा अमोनियातून न्यायची आणि तिच्यातला ऑक्सिजन अमोनियातल्या हायड्रोजनशी जोडून काढून टाकायचा. दोन्ही वजनं जुळायला हवी होती. जुळली नाहीत. फरक हजारात एक भाग.

इथे त्यांनी जे केलं त्यासाठी मी हा धागा काढते आहे. तो फरक कसा मिटेल हे त्यांनी पाहिलं नाही. तो वाढवता येतो का, हे पाहिलं. अमोनियाच्या वाटेने येणाऱ्या नायट्रोजनमध्येही बराचसा भाग हवेतलाच होता. म्हणून हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरून सगळाच्या सगळा नायट्रोजन रसायनांतून मिळवला. फरक दोनशेत एक झाला. दोन लिटरहून थोड्या लहान गोलात हवेतला नायट्रोजन २.३१० ग्रॅम, रसायनांतला २.२९९ ग्रॅम. मध्ये अकरा मिलिग्रॅम. साखरेचे मोजके दाणे.

१८९२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहून सरळ विचारलं की याचं कारण कोणाला सुचतं का. नायट्रोजन ठेवून ठेवून बदलतो का हे पाहायला एक नमुना आठ महिने तसाच ठेवला. बदलला नाही. पुढे रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे येऊन मिळाले. त्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवर नायट्रोजन शोषून घेतला. रॅलेंनी विजेच्या ठिणग्यांनी नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडून काढून टाकण्याची जुनी रीत धरली. दोघांकडेही एक असा वायू उरला, जो कशाशीही संयोग पावेना. ३१ जानेवारी १८९५ ला रॉयल सोसायटीपुढे सविस्तर मांडणी झाली. नाव ठेवलं अरगॉन, ग्रीकमध्ये आळशी. १९०४ मध्ये रॅलेंना भौतिकीचं नोबेल मिळालं आणि रॅमसेंना रसायनशास्त्राचं. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळपास एक टक्का अरगॉन असतो, आणि तोवर तो कोणालाच ठाऊक नव्हता.

ही ठिणग्यांची रीत कोणाची, तर हेन्री कॅव्हेंडिशची. १७८५ मध्ये त्यांनी हवेतून ठिणग्या सोडल्या होत्या आणि शेवटी एक बुडबुडा उरला, एकूण नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नाही असा. त्यांनी तो प्रामाणिकपणे लिहून ठेवला. अरगॉन शंभरहून जास्त वर्षं त्या कागदावरच होता. कॅव्हेंडिश हे डेव्हनशरच्या ड्यूक घराण्यातले. त्यांची हस्तलिखितं चॅट्सवर्थच्या प्रासादातल्या संग्रहात आहेत. आणि केंब्रिजच्या प्रयोगशाळेला पैसे देणारे सातवे ड्यूकही याच घरचे. म्हणून तिला ते नाव.

आता न्यूट्रिनोकडे, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, बहुतेक वेळा कशालाही न अडता आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणाकडे. आज अमेरिकेत साउथ डकोटाच्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, 'ड्यून' नावाचा प्रयोग उभा राहतो आहे. त्यात चार प्रचंड टाक्या ठरल्या आहेत, प्रत्येकीत सुमारे सतरा हजार टन द्रवरूप अरगॉन. न्यूट्रिनो अरगॉनच्या अणुकेंद्रावर आदळला की विद्युतभारित कण निघतात, ते जाताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि ते इलेक्ट्रॉन काही मीटर वाहत जाऊन तारांपर्यंत किंवा पट्ट्यांपर्यंत पोचतात. या प्रवासाला दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. एवढा वेळ सुटा इलेक्ट्रॉन कोणीही गिळून टाकता कामा नये. अरगॉन गिळत नाही. १८९५ मध्ये ज्या गुणावरून त्याला आळशी म्हटलं, त्याच गुणासाठी आज त्याला तिथे आणलं आहे.

मी पुण्यात बी.एस्सी. करत असताना केशनळीतून पाण्याचा पृष्ठताण काढायचा प्रयोग होता. पुस्तकात उत्तर ७२ च्या आसपास. माझं ६६ येत होतं, तीनदा काढलं तरी ६६. सरांना दाखवलं तर त्यांनी वही परत केली आणि जुळवून आण म्हणाले. मी ६६ खोडून ७१.८ लिहिलं. त्या दिवशी पूर्ण गुण मिळाले. त्यानंतर टर्लिंगच्या कुंपणाशी उभं राहीपर्यंत मला ते कधी आठवलं नव्हतं.

---

भोसरीकर

ताई, मी फॅब्रिकेशनवाला माणूस. आमच्या लाइनीत दर चौथ्या शेडवर पाटी असते 'आर्गन वेल्डिंग'. आम्ही अरगॉन नाही म्हणत, आर्गनच म्हणतो. निळं सिलिंडर, सात घनमीटरचं. स्टेनलेसची टाकी किंवा अॅल्युमिनियमचा पाइप आला की कारागीर म्हणतो आर्गनवर घ्यावं लागेल. कारण तुम्ही म्हणता तेच. तापलेल्या धातूला हवा लागली की तो काळा पडतो, सांधा भुसभुशीत होतो. आर्गन भोवती धरला की हवा शिवत नाही.

तीस वर्षं मी हा वायू विकत घेतोय. तो एका सरदाराच्या घरातल्या तराजूवर सापडला हे आज कळलं. उद्या शेडवर पोरांना सांगणार आहे. एक विचारायचं होतं, अडुसष्ट हजार टन म्हणजे एवढा आर्गन आणणार कुठून?

---

ओढाकाठ

भोसरीकर दादा, तुमच्याकडे येतो तिथूनच, हवेतून. हवा थंड करून द्रवरूप केली की नायट्रोजन, अरगॉन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या तापमानाला उकळतात, अरगॉन उणे १८६ अंशांना. पोलादाच्या कारखान्यांना ऑक्सिजन पुरवणारे मोठे प्लँट असतात, त्यांत अरगॉन सोबतच हाती येतो. म्हणून तो एवढ्या प्रमाणात परवडतो. झेनॉन हा दुर्मिळ वायू भरायचा म्हटलं असतं तर जगभरात वर्षाला तयार होणारा गोळा करूनही पुरला नसता.

फरक शुद्धतेचा. तुमच्या सिलिंडरात ऑक्सिजनचा जो अंश चालतो तो तिथे चालत नाही. दहा अब्ज भागांत एखादा भाग, इतपतच परवानगी. तो आत फिरवत ठेवून सतत गाळतात.

---

जुनी_पाने

लेख मनापासून आवडला. पण मला एका गोष्टीवर थांबावंसं वाटतं. सात हजार एकर म्हणजे कुळं आली, खंड आला. दहा-बारा वर्षं एक माणूस वायू तोलत बसू शकतो, कारण त्याच्या चुलीची काळजी दुसऱ्याच्या नांगरावर असते. स्ट्रट घराण्याची सुरुवात एसेक्समधल्या पिठाच्या गिरण्यांपासून झाली. चॅट्सवर्थचं तर काय सांगावं, मठांच्या जमिनी राजाने काढून घेतल्या त्या काळापासूनची ती संपत्ती. इंग्लंडची ही घरं बघताना मला आधी तिथे न दिसणारी माणसं आठवतात. शोध मोठा आहे, यात शंका नाही. पण 'खेड्यातल्या घरात' एवढंच म्हटलं की घर आपोआप चाललं असं वाटतं.

---

ओढाकाठ

तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. दोन गोष्टी त्यात जोडते. रॅलेंनी १८७९ मध्ये केंब्रिजची नोकरी पत्करली त्यामागे पैशांची ओढही होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये धान्याचे भाव पडले आणि जमीनदारांचं उत्पन्न आटलं. पुढे एडवर्डने धान्यापेक्षा दुधावर भर दिला, आणि घर सावरलं त्यात त्याचा वाटा मोठा आहे. म्हणजे अरगॉनच्या मागे गायी आहेत, आणि त्यांची धार काढणारे हातही.

दुसरं म्हणजे जॉर्ज गॉर्डन. कॅव्हेंडिशमध्ये उपकरणं बनवणारा हा कारागीर रॅलेंबरोबर टर्लिंगला आला. रॅलेंची उपकरणं दिसायला अगदी साधी असत. काच, लाख, दोरा. पण जिथे नेमकेपणा लागतो तिथे तो असेच, आणि त्यात गॉर्डनचे हात होते. नोबेलच्या कागदावर त्याचं नाव नाही.

---

दिवेलागण

न दिसणाऱ्या माणसांचा विषय निघालाच आहे तर बायकांचंही येऊ दे. रॅलेंची मेहुणी एलिनॉर सिजविक. केंब्रिजला असताना विजेच्या रोधाचं एकक, ओहम, नक्की किती हे ठरवण्याचं जे किचकट काम झालं त्यात ती बरोबरीने होती, शोधनिबंधांवर तिचं नाव आहे. पुढे ती न्यूनहॅम कॉलेजची प्रमुख झाली.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे आग्नेस पॉकेल्सची. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहणारी मुलगी. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, आईवडील आजारी, घर तिच्याच अंगावर. भांडी घासताना पाण्यावरच्या तवंगाकडे बघत बघत तिने स्वयंपाकघरात एक पसरट पत्र्याचं पात्र केलं, त्यावर सरकणारी पट्टी टाकली, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर कणभर तेल पडलं तर पृष्ठताण कसा बदलतो हे मोजलं. जवळपास दहा वर्षं एकटीने. रॅलेही तेव्हा पाण्यावरच्या तेलाच्या थराचंच काम करत होते. तो थर किती पातळ होऊ शकतो यावरून रेणूचा आकार काढायचा. ते तिच्या वाचनात आलं आणि जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मनमध्ये लांबलचक पत्र लिहिलं. लेडी रॅले, म्हणजे एव्हलिन, यांनी त्याचं इंग्रजी केलं. रॅलेंनी ते स्वतःच्या शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवलं आणि ते मार्चमध्ये छापून आलं. ना पदवी, ना ओळख, तरी त्यांनी ते पत्र नीट वाचलं. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर यासाठी वाटतो.

ओढाकाठ, या गोष्टीत तुझ्या ६६ चं उत्तर आहे. काचेच्या नळीला, वाटीला, बोटांना लागलेला तेलाचा नुसता अंश पुरतो, पाणी कमी चढतं आणि पृष्ठताण कमी येतो. पॉकेल्सने हेच मोजलं होतं. तीनदा ६६ आलं असेल तर तुझं वाचन चुकलं नव्हतं. तुझ्या वाटीत काहीतरी होतं.

---

ओढाकाठ

दिवेलागण, हे वाचून मी दोन मिनिटं उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

---

कातळ

मी भूशास्त्र शिकवतो, साताऱ्याकडचा. अरगॉन म्हटलं की आम्हाला सह्याद्रीच आठवतो, म्हणून हा मोठा प्रतिसाद.

हवेतला अरगॉन आला कुठून? त्यातला जवळजवळ सगळा अरगॉन-४० आहे (हा आकडा अणूच्या वस्तुमानावरून प्रकार सांगतो), आणि तो दगडांतून आला आहे. खडकांत पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग, पोटॅशियम-४०, किरणोत्सारी असतो, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा क्षय व्हायला लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षं. तो क्षय पावताना काही वेळा अरगॉन होतो. पृथ्वीच्या जन्मापासून हे चालू आहे, ज्वालामुखींतून आणि भेगांतून तो बाहेर येत राहिला. रॅलेंच्या गोलातला तो अकरा मिलिग्रॅमचा फरक पडला तो पृथ्वीच्या पोटातून अब्जावधी वर्षांत झिरपलेल्या वायूमुळे.

याचाच उपयोग आम्ही घड्याळासारखा करतो. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा आतला अरगॉन निसटून जातो. थिजला की घड्याळ शून्यापासून सुरू. पुढे साठत जाणारा अरगॉन खडकातच अडकतो. तो मोजला की खडकाचं वय कळतं. दख्खनचा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, हे आपण आज सहज म्हणतो, ते मुख्यतः अरगॉन मोजून. महाबळेश्वरला आर्थर सीटवरून खाली एकावर एक थर दिसतात ना, त्यांच्या वयाची नोंद त्या आळशी वायूने ठेवली आहे. मी मुलांना घेऊन गेलो की घाटात गाडी थांबवून हे सांगतो. आता टर्लिंगही सांगेन.

एक आणखी, ओढाकाठ यांना माहीत असेलच. हवेतल्या अरगॉनमध्ये वैश्विक किरणांमुळे अरगॉन-३९ तयार होतो, तोही किरणोत्सारी. कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, शोधणाऱ्यांना त्याचा फार त्रास, कारण त्याचेच सिग्नल येत राहतात. म्हणून त्यांनी कोलोरॅडोतल्या खोल विहिरींतून निघणाऱ्या वायूतून अरगॉन वेगळा केला. जमिनीखाली वैश्विक किरण पोचत नाहीत, त्यामुळे त्यात अरगॉन-३९ हजार पटींहूनही कमी निघाला. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली 'डार्कसाइड' प्रयोगात तो वापरला.

---

बटेव्हियाकर

मी फर्मीलॅबपासून, म्हणजे शिकागोजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेपासून, पंधरा मिनिटांवर राहते, मिस्टर तिथे यंत्रांच्या देखभालीत आहेत. ओढाकाठने सात हजार एकर लिहिलं आणि मला एकदम चमकलं : फर्मीलॅबची जागा ६,८०० एकर आहे! ती पण शेतीचीच. साठच्या दशकात सरकारने शेतं आणि वेस्टन नावाची छोटी वस्ती घेतली. पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी शेतकऱ्यांची जुनी घरं पाडून टाकली नाहीत. बरीचशी उचलून, अक्षरशः चाकांवर घालून, एका जागी आणली. त्याला 'व्हिलेज' म्हणतात. बाहेरून येणारे शास्त्रज्ञ आजही त्या लाकडी घरांत उतरतात. मुंबईहून टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) पोरं आली की आम्ही रविवारी जेवायला बोलावतो, तेव्हा त्यांना सोडायला मी त्याच घरांपर्यंत जाते. लाल रंगाची धान्याची कोठारं अजून उभी आहेत. विल्सननी १९६९ मध्ये गवे आणले, बायसन, त्यांचा कळप अजून चरतो. वसंतात वासरं होतात तेव्हा सगळं गाव बघायला जातं.

जुनी_पाने यांचं वाचून इथलंही लिहायला हवं. त्या घरांतल्या शेतकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. पैसे मिळाले, पण पिढ्यांची घरं होती. आमच्या शेजारच्या आजी त्यांच्या माहेरच्या कोठाराबद्दल सांगताना अजून हळव्या होतात.

१९९५ मध्ये टॉप क्वार्क हा मूलकण इथे सापडला, २००० मध्ये टाऊ न्यूट्रिनो. ड्यूनचा न्यूट्रिनोंचा झोत इथूनच निघणार, आणि १,३०० किलोमीटर दूर त्या खाणीत पोचणार. बोगदा वगैरे काही नाही, सरळ जमिनीतून, चार मिलिसेकंदांच्या आसपास. त्यासाठी जो नवा प्रवेगक (कणांना वेग देणारं यंत्र) बांधतायत, पीआयपी-टू, त्याच्या कामात भारताच्या अणुऊर्जा विभागाच्या संस्था आहेत, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) त्यात आहे. छोट्या अरगॉन टाक्या तर आधीपासून चालू आहेत. मायक्रोबून १७० टनांची होती. आधीच्या एका प्रयोगात इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो अपेक्षेहून जास्त दिसल्यासारखे वाटले होते, काहींना वाटलं माहीत असलेल्या तीन जातींपलीकडचा, चौथ्या जातीचा न्यूट्रिनो असेल. २०२१ मध्ये मायक्रोबूनने सांगितलं की तसे जादा इलेक्ट्रॉन आम्हाला दिसत नाहीत. म्हणजे आधीची ती जादा नोंद कशामुळे, हे कोडं राहिलंच.

---

लंबक

ज्या खाणीत ड्यून होतोय, होमस्टेक, तिथे अरगॉन दुसऱ्यांदा येतोय. पहिल्यांदा तो रे डेव्हिसच्या टाकीत आला होता.

साठच्या दशकात डेव्हिसने त्या खाणीत एक लाख गॅलन ड्रायक्लीनिंगचा द्रव भरला. त्यात क्लोरीन भरपूर. सूर्याकडून येणारा न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणुकेंद्रावर आदळला तर क्लोरीनचा अरगॉन होतो. मग टाकीतून हेलियम फिरवून ते अरगॉनचे अणू बाहेर काढायचे आणि मोजायचे. किती? दोन दिवसांना एखादा. सहाशेहून जास्त टन द्रवातून. तीस वर्षांत मिळून सुमारे दोन हजार अणू.

आणि त्याचा आकडा जुळत नव्हता. सूर्याच्या गणितावरून जेवढे यायला हवेत त्याच्या एक-तृतीयांश. वर्षानुवर्षं बहुतेकांना वाटायचं की एक तर डेव्हिसची रसायनं चुकतायत किंवा सूर्याचं गणित. त्याने टाकीत मुद्दाम मोजून अरगॉन सोडून पाहिला, तो पुरेपूर परत मिळतो का. मिळाला. आकडा तिथेच राहिला. २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत जात बदलतात. डेव्हिसच्या टाकीत त्यातली एकच जात मोजली जात होती. सूर्य बरोबर होता, डेव्हिसही बरोबर होता. २००२ चं नोबेल मिळालं तेव्हा तो सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा होता. न्यूट्रिनो जात बदलतो म्हणजे त्याला वस्तुमान आहे, आणि ते आपल्या प्रमाण प्रतिकृतीत, म्हणजे मूलकणांच्या मान्य सिद्धांतात, धरलेलंच नव्हतं. ड्यून बांधायची गरज तिथून निघते.

वर ओढाकाठ यांनी अॅटलासचा, म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या कण टिपणाऱ्या प्रचंड यंत्राचा, उल्लेख केला नाही म्हणून जोडतो. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन हा बरीच वर्षं शोधला जाणारा मूलकण जाहीर झाला तेव्हा त्याच्या दोन प्रकाशकणांत फुटण्याच्या नोंदी महत्त्वाच्या ठरल्या. अॅटलासमध्ये त्या प्रकाशकणांची ऊर्जा मोजणारं यंत्र शिसं आणि द्रवरूप अरगॉनचंच आहे.

---

सहज_वाचक

फार सुंदर धागा. मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण एक विचारू का? आपल्याकडे असं एखादं घर आहे का, की जिथून अशी सुरुवात झाली?

---

लंबक

आहे. मुंबईत पेडर रोडला 'केनिलवर्थ' नावाचा बंगला होता, होमी भाभांच्या नातेवाइकांचा. टीआयएफआर १९४५ च्या जूनमध्ये बंगळुरूला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत या बंगल्यात आली, डिसेंबरमध्ये उद्घाटन झालं. १९४९ मध्ये अपोलो बंदरजवळ जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि कुलाब्याला समुद्राकाठची आजची इमारत १९६२ ची.

या संस्थेच्या लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोल, उपकरणं उतरवली. १९६५ मध्ये ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांबरोबर त्यांनी वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोची नोंद केली. दक्षिण आफ्रिकेतला गटही त्याच सुमारास तिथे पोचला. जगातली ती पहिली निरीक्षणं. खाणीतला उकाडा, दमट हवा, लिफ्टने उतरायचं आणि मग चालायचं. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. मला हे सांगताना नेहमी वाईट वाटतं, कारण आपल्याकडच्या पुढच्या वेधशाळेचं, थेनी जिल्ह्यातल्या न्यूट्रिनो वेधशाळेचं, काम रखडून राहिलं.

---

दिवेलागण

मुंबईवरून आठवलं. रॅलेंचं म्हणणं होतं की समुद्राचा गडद निळा रंग म्हणजे आकाशाचंच प्रतिबिंब. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून परतताना जहाजावरून भूमध्य समुद्र बघत होते. त्यांनी निकोल प्रिझम डोळ्याला लावून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तरी पाणी निळंच. जहाज मुंबई बंदरात लागलं आणि तिथूनच त्यांनी 'नेचर'ला पत्र धाडलं, सप्टेंबर १९२१ चं. पाणी स्वतः प्रकाश विखुरतं, असं. रॅले तेव्हा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. ते असते तर ते पत्र त्यांनी पॉकेल्सच्या पत्रासारखंच वाचलं असतं असं मला मनापासून वाटतं.

---

जुनी_पाने

माझ्या आधीच्या प्रतिसादाचा सूर कडक वाटला असेल, पण मी बोललो ते मागे घेत नाही. फक्त एक भर. रॅलेंनी नोबेलची रक्कम स्वतःकडे ठेवली नाही, केंब्रिजला दिली, प्रयोगशाळेसाठी आणि ग्रंथालयासाठी. आणि १९३२ मध्ये त्याच कॅव्हेंडिशमध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. जमिनीतून आलेला पैसा कुठे पोचू शकतो याचा तो हिशोब मला नोंदवावासा वाटला.

बटेव्हियाकर, तुमच्या शेजारच्या आजींनी त्या कोठाराबद्दल काय सांगितलं ते कधीतरी सविस्तर लिहा. वाचायला आवडेल.

---

भोसरीकर

आज शेडवर सांगितलं. एक पोरगा आहे आमच्याकडे, आयटीआय झालेला, नांदेडचा. तो म्हणाला, साहेब, मग सिलिंडर रिकामं झालं हे काट्यावर ठेवून कळेल ना? सात घनमीटर म्हणजे बारा किलोच्या आसपास वजन निघायला हवं. आम्ही इतकी वर्षं फक्त गेज बघतो. दुपारी त्याने एक भरलेलं आणि एक रिकामं सिलिंडर काट्यावर ठेवलं, पण दोन्ही लोखंडं सारख्या वजनाची नाहीत. आता तो भरलेलं आधी तोलून ठेवणार आणि तेच रिकामं झालं की परत तोलणार. वहीत लिहायला सांगितलं आहे.

---

ओढाकाठ

भोसरीकर दादा, त्याला म्हणावं आकडा येईल तो तसाच लिही.

दिवेलागणने लिहिल्यापासून मला चैन पडत नव्हतं. धाकट्या भावाला फोन करून माळ्यावरची ट्रंक उघडायला लावली. आईने सगळ्या वह्या कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्याने प्रयोगाच्या वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. ७१.८ निळ्या शाईत, त्याखाली सरांची सही. खाली शिसपेन्सिलीने लिहून खोडलेलं आहे, पण कागदावर दाब उमटला आहे, तिरपा उजेड धरला की वाचता येतं. ६६.१, ६५.८, ६६.३.

माझ्या टेबलावर तेव्हा एक मैत्रीण होती, आम्ही एकच वाटी वापरायचो. ती आता नाशिकला शिकवते. काल रात्री तिला विचारलं. ती म्हणाली, माझंही ६६ च आलं होतं, तुला कधी बोलले नाही.